गल्लीत बारा मजली इमारत येते आहे : शेजाऱ्यांनी काय करावे, आणि काय करू नये

पुण्याच्या एरंडवणे भागातील एका जुन्या सहकारी गृहरचना संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शेजारचे दोन बंगले आणि एक तीन मजली इमारत पाडून, तिन्ही भूखंड एकत्र करून, सुमारे २,००० चौरस मीटर जागेवर दोन तळघरे आणि बारा मजल्यांची, साठ-पासष्ट सदनिकांची इमारत उभी राहणार आहे. गल्लीतील चोवीस कुटुंबांनी सह्यांचे निवेदन महापालिकेला दिले, पण त्याला उत्तर आले नाही. जुनी बांधकामे पाडून झाली आहेत, पत्र्याचे कुंपण उभे राहिले आहे, खोदकाम मात्र अजून सुरू झालेले नाही. ही इमारत थांबवता येईल का, आणि येत नसेल तर शेजाऱ्यांच्या हातात काय उरते, असे त्यांनी विचारले आहे.

मी वास्तुविशारद म्हणून तीस वर्षे पुण्यात काम करतो आहे. त्यातील बहुतेक काळ विकसकांच्या बाजूने नकाशे केले आणि काही वेळा शेजाऱ्यांच्या बाजूने तेच नकाशे तपासले. त्या अनुभवावरून पहिले उत्तर स्पष्ट देतो, कारण खोट्या आशेवर लोकांचे सहा-आठ महिने जातात आणि नेमके तेच महिने मोलाचे असतात. नियमात बसणारी इमारत केवळ शेजाऱ्यांच्या विरोधामुळे थांबत नाही. ती नियमात बसते की नाही हे तपासण्याचा मार्ग आपल्याला आहे, आणि ती कशी बांधली जाईल यावर आपला बराच प्रभाव पडू शकतो. हा प्रभाव खोदकामापूर्वी सर्वांत जास्त असतो आणि दर महिन्याला कमी होत जातो.

निवेदनाला उत्तर का आले नाही, हे आधी समजून घ्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात नागरिकांचे म्हणणे ऐकण्याची जागा आहे, पण ती शहराची विकास योजना तयार होत असताना आहे. कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि तीस दिवसांत हरकती व सूचना मागवल्या जातात. मंजूर योजनेत कलम ३७ खाली फेरबदल करायचा असेल तेव्हाही एक महिन्याची सूचना निघते. एखाद्या भूखंडावरील बांधकामाचा अर्ज मात्र कलम ४४ खाली येतो आणि कलम ४५ खाली मंजूर किंवा नामंजूर होतो. त्या संपूर्ण प्रवासात शेजाऱ्याला विचारण्याचा एकही टप्पा नाही. म्हणजे आपल्या गल्लीत किती उंच इमारत येऊ शकते याचा निर्णय, गल्लीतील कोणाच्याही लक्षात न येता, काही वर्षांपूर्वीच झालेला असतो. मला ही आपल्या कायद्यातील मोठी उणीव वाटते आणि ती दूर व्हावी असे मनापासून वाटते. पण आज आपल्याला जे करायचे आहे ते आजच्या कायद्यात राहूनच करायचे आहे.

बारा मजले आले कुठून, तेही पाहू. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्या मूळ तक्त्यात महापालिका क्षेत्रातील निवासी भूखंडाला १.१० इतका मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, आहे, आणि त्यापुढचे सारे गणित समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळणारा निर्देशांकही नाही आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, तोही नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर ०.५० अधिमूल्यावर आणि ०.४० टीडीआर मिळून एकूण २.०० होतो. १२ ते १८ मीटर असेल तर टीडीआर ०.६५ पर्यंत जातो आणि एकूण २.२५ होतो. यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र, म्हणजे पूर्वी मोजणीतून वगळले जाणारे जिने, बाल्कन्या वगैरे, अधिमूल्य भरून घेता येते. आपल्या शेजारच्या २,००० चौरस मीटरला १२ मीटरचा रस्ता धरला, तर ४,५०० आणि अनुषंगिक धरून ७,२०० चौरस मीटर बांधकाम होते. साठ-पासष्ट सदनिकांचा हिशेब तिथे बरोबर जुळतो. या तक्त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे परवानगीच्या तारखेला कोणती प्रत लागू होती ते पाहूनच आकडे ताडावेत.

आता आपली खरी जागा कोणती, तर तो रस्ता. आपण लिहिले आहे की गल्ली ‘जेमतेम साडेआठ मीटर’ आहे. परवानगीत ती बारा मीटर धरलेली असणार, नाहीतर हे बांधकाम बसत नाही. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. विकास योजनेत किंवा महापालिकेने आखलेल्या रस्तारेषेत रस्ता बारा मीटर दाखवलेला असतो, जागेवर मात्र जुन्या कुंपणभिंती साडेआठवर उभ्या असतात. नवे बांधकाम करणारा आपल्या भूखंडापुढची पट्टी महापालिकेकडे हस्तांतरित करतो, तिचा मोबदला निर्देशांकाच्या किंवा टीडीआरच्या रूपाने घेतो, आणि कागदावर रस्ता पूर्ण होतो. प्रत्यक्षात त्याच्या फाटकासमोर तीस-चाळीस मीटर लांबीचा रुंद तुकडा तयार होतो, त्याच्या दोन्ही बाजूंना गल्ली पूर्वीइतकीच अरुंद राहते, आणि त्या रुंद तुकड्यात चारचाकी गाड्या उभ्या राहू लागतात. पुणे महापालिकेत २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एवढा वाद झाला तो याच कारणाने : रस्ता कागदावर रुंद झाला की त्यावरील बांधकाम लगेच वाढते, मोकळी वाट मात्र जुन्या इमारती एकेक करून मागे सरतील तेव्हाच मिळते, आणि त्याला वीस वर्षेही लागू शकतात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की निवेदनातील ‘वाहतुकीवर ताण येईल’ हे वाक्य काढून टाकावे आणि त्याजागी मोजमाप द्यावे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गल्लीतील रहिवाशांबरोबर मी रात्री साडेनऊला फीत घेऊन फिरलो. दोन्ही बाजूंच्या गाड्या धरून मोकळी वाट सर्वांत अरुंद ठिकाणी ३.४ मीटर भरली. सुमारे अडीच मीटर रुंदीचा अग्निशमन बंब तिथून सरळ जाऊ शकला असता, पण कोपऱ्यावर वळू शकला नसता, कारण तिथे विजेचा डीपी, म्हणजे वीजवितरणाची पेटी, आणि एक कायमची उभी असलेली बंद व्हॅन होती. आम्ही प्रत्येक वीस मीटरवर मोजले, फितीसह छायाचित्रे काढली, तारीख-वेळ लिहिली आणि एका साध्या नकाशावर ते आकडे मांडले. तो एक कागद अग्निशमन विभाग, पथ विभाग आणि वाहतूक पोलीस अशा तिन्ही ठिकाणी गेला. त्या प्रकल्पाचा एकही मजला कमी झाला नाही. पण डीपी हलला, गल्लीच्या एका बाजूला वाहने उभी करण्यास मनाई झाली आणि विकसकाला काँक्रीटच्या गाड्यांचा मार्ग बदलावा लागला. चोवीस सह्यांपेक्षा त्या एका कागदाचे वजन अधिक होते, कारण त्यावर अधिकाऱ्याला काहीतरी करणे भाग होते.

दुसरे काम म्हणजे कागद मिळवणे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा आठपेक्षा अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि जागेच्या मालकीविषयीचा अहवाल कोणालाही पाहता येतो; त्यासाठी सदनिकेचे ग्राहक असण्याची गरज नाही. जे तिथे नसेल ते माहितीच्या अधिकाराखाली मागावे : अग्निशमन विभागाचा तात्पुरता ना-हरकत दाखला, वृक्षतोडीची परवानगी, रस्त्यासाठी सोडलेल्या जागेचे हस्तांतरण आणि, सर्वांत महत्त्वाचे, सवलतींची टिपणी. नियमातील अंतरे पाळणे अडचणीचे आहे असे दाखवून, अधिमूल्य भरून, काही अंतरांत आयुक्तांकडून सवलत घेता येते. अशी सवलत कोणत्या कारणाने आणि किती दिली, हे मंजूर नकाशावर एका ओळीत असते, पण तिचे समर्थन त्या टिपणीत असते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात जावा. अर्ज संस्थेच्या नावे न करता एका सभासदाने व्यक्तिगत नावाने करावा, म्हणजे माहितीचा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही, असा तांत्रिक आक्षेप निघत नाही.

नकाशा हातात आल्यावर पहिल्यांदा सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, पाहावीत. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला बाजूला आणि मागे उंचीच्या एक पंचमांश अंतर सोडावे लागते; म्हणजे चाळीस मीटर उंचीला आठ मीटर. अंतराचा हिशेब करताना पार्किंगच्या मजल्यांची काही उंची वगळता येते, त्यामुळे आकडा थोडा कमी दिसला म्हणून लगेच गैरप्रकार समजू नये. चोवीस मीटरपेक्षा उंच इमारत ‘विशेष इमारत’ ठरते आणि तिच्याभोवती बंब फिरू शकेल अशी सहा मीटरची अडथळामुक्त वाट लागते. ही सहा मीटर नेमकी कुठे हरवते ते सांगतो. तळघराचा उतार, ट्रान्सफॉर्मर, सांडपाणी प्रक्रियेची टाकी, जनरेटर आणि शोभेची झाडे या सगळ्यांना जागा हवी असते, आणि ती बहुधा आपल्या कुंपणाला लागून असलेल्या बाजूच्या अंतरातच शोधली जाते. नकाशावर ही वाट रेखाटलेली असते. तिच्यात काय काय येऊन बसले आहे ते पेन्सिलने भरून पाहावे. तळघराची कडा आपल्या हद्दीपासून किती अंतरावर आहे तेही तिथेच लिहून घ्यावे, कारण पुढचा सगळा भाग त्यावर अवलंबून आहे.

शेजाऱ्यांचा विरोध कधी टिकतो याचे देशातील सर्वांत ठळक उदाहरण नोएडातील सुपरटेक एमराल्ड कोर्टचे आहे. तिथल्या रहिवाशांनी ‘आम्हाला उंच इमारत नको’ अशी तक्रार केली नव्हती. दोन इमारतींमध्ये नियमाप्रमाणे सोळा मीटर अंतर हवे असताना नवे मनोरे सुमारे नऊ मीटरवर उभे राहत आहेत आणि मूळ नकाशात बाग दाखवलेल्या जागेवर बांधले जात आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. नकाशे मागितले तेव्हा प्राधिकरणाने ते दिले नाहीत, आणि हीच गोष्ट पुढे प्राधिकरणाच्या विरोधात गेली. रहिवासी २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, २०१४ मध्ये तिथे निकाल लागला, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयात तो कायम केला, आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे शंभर मीटर उंचीचे दोन्ही मनोरे स्फोटकांनी पाडले गेले. विजय मोठा होता, पण त्याला दहा वर्षे लागली, आणि तो मोजता येणाऱ्या एका उल्लंघनावर उभा होता. आपल्या नकाशात तसे उल्लंघन सापडले तर महापालिकेकडे लेखी तक्रार करून, नगररचना अधिनियमाच्या कलम ५१ खाली परवानगी रद्द करण्याची किंवा तीत बदल करण्याची आणि, प्रत्यक्ष काम नकाशाबाहेर गेले असेल तर कलम ५३ खाली नोटीस काढण्याची मागणी करता येते. सापडले नाही, तर तो मार्ग सोडून द्यावा आणि सारी शक्ती खोदकामाकडे वळवावी.

खोदकामाबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण शेजाऱ्यांचे खरे नुकसान तिथे होते आणि निवेदनात त्याबद्दल बहुधा एकही ओळ नसते. एरंडवण्यात वरचा थोडा मातीचा थर, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. दोन तळघरे म्हणजे सात-आठ मीटर खोली. मुरमाची उभी कापलेली भिंत उन्हाळ्यात शहाण्यासारखी उभी राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात ढासळते. २८-२९ जून २०१९ च्या रात्री कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेवरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसे मेली. ती दुसऱ्या गावाहून पोटासाठी आलेली माणसे होती. आपल्या गल्लीतल्या खड्ड्याच्या तळाशीही उद्या तशीच माणसे काम करणार आहेत. म्हणून खड्ड्याला आधार देण्याची रचना, म्हणजे कडेने जमिनीत खोल उतरवलेले खांब (पाइल्स) किंवा तत्सम व्यवस्था, संरचना अभियंत्याने काढून दिली आहे का, पावसाळ्यापूर्वी खड्डा कोणत्या टप्प्यावर येणार आहे, आणि भूजल उपसून कुठे सोडणार आहेत, हे तीन प्रश्न लेखी विचारणे आपला हक्क आहे आणि माझ्या मते कर्तव्यही आहे. खडक फोडण्यासाठी सुरुंग वापरणार की ब्रेकर, हेही विचारावे. ब्रेकरचा आवाज असह्य असतो, पण जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतीला तो सुरुंगापेक्षा कमी धोक्याचा.

या संदर्भात माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळे मी ही गोष्ट आता कधीच सोडत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पाचा वास्तुविशारद होतो. शेजारच्या दगडी बैठ्या घरात एक वयस्कर बाई एकट्या राहत असत. आम्ही खोदकाम सुरू केले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग दिसू लागली. विकसकाचे म्हणणे होते की भेग जुनी आहे. बाईंचे म्हणणे होते की नवी आहे. दोघांकडेही पुरावा नव्हता, कारण काम सुरू होण्यापूर्वी ते घर पाहून घ्या असे सांगायला हवे होते ते मी सांगितले नव्हते. वाद चार वर्षे चालला. भेग अखेर बुजवली गेली, पण तोवर त्या घर विकून मुलाकडे गेल्या होत्या.

तेव्हापासून मी शेजाऱ्यांना एकच काम सर्वांत आधी सांगतो. खोदकामापूर्वी आपल्या इमारतीची पूर्वस्थिती नोंदवून घ्यावी. स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून प्रत्येक घरातील, जिन्यातील, गच्चीतील आणि कुंपणाच्या भिंतीतील प्रत्येक भेगेचे छायाचित्र, लांबी, रुंदी आणि जागा नोंदवून घ्यावी, आणि त्या अहवालाची एक प्रत विकसकाला व एक महापालिकेला पोच घेऊन द्यावी. ज्या भेगा आधीच आहेत त्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवाव्यात : भिंतीवरचा रंग खरवडून, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा ठेवून, बाजूला पेन्सिलीने तारीख घालून. भिंत हलली तर काच तडकते, आणि तडकलेली काच कोणाचेही ऐकत नाही. सोप्या साधनांत इतके प्रामाणिक साधन मला दुसरे माहीत नाही. जुनी भेग लपवू नये; तिची नोंद होणे आपल्याच फायद्याचे असते, कारण एक भेग लपवली गेल्याचे उघड झाले की अहवालातील बाकीच्या चाळीस भेगांवरचा विश्वासही जातो.

कायद्यानेही इथे आपली बाजू भक्कम आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे, आणि इमारतीला तो वीस वर्षांच्या निर्वेध उपभोगाने मिळतो. त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये प्रकाश आणि हवेचा हक्कही वीस वर्षांनी मिळतो असे आहे, आणि लोक बहुतेक वेळा तोच धरून बसतात. पण त्यात अडचण अशी की उजेड कमी झाला एवढे पुरेसे नसते. नुकसान भरीव स्वरूपाचे आहे हे सिद्ध करावे लागते, आणि नियमाप्रमाणे आठ मीटर सोडलेल्या इमारतीविरुद्ध ते सिद्ध करणे फार कठीण जाते. आपल्या गच्चीवर सौर पाणीतापक किंवा पॅनेल असतील तर हिवाळ्यात सावली किती वाजता पडेल हे कोणताही वास्तुविशारद दोन तासांत काढून देईल. ते विकसकासमोर ठेवून पॅनेल हलवण्याचा खर्च मागता येतो. त्यावर खटला उभा करू नये.

पाणी आणि मलनि:सारणाबद्दल थोडक्यात. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीच्या पाणीटंचाईवरील याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकाम परवानग्यांवर काही काळ बंधन घातले होते, त्यामुळे हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण तो एका संपूर्ण भागाचा प्रश्न होता. एका गल्लीतील एका इमारतीविरुद्ध तो तसाच चालत नाही. मलवाहिनीचे चेंबर पावसाळ्यात किती वेळा तुंबते याच्या तक्रारींच्या नोंदी काढून वाहिनीचा व्यास वाढवण्याची मागणी करणे अधिक उपयोगाचे. पर्यावरण मंजुरी ही २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामापासून लागते, त्यामुळे आपल्या शेजारच्या प्रकल्पाला ती लागणार नाही. हे वाचणाऱ्या कोणाच्या शेजारी मोठा प्रकल्प असेल तर त्यांनी लक्षात ठेवावे की अशा मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे, ती सबळ कारणानेच आणखी साठ दिवस वाढू शकते, आणि लवादाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे.

झाडांकडे मात्र आजच जाऊन पाहावे. तोडण्यासाठी अर्ज झालेल्या झाडावर सूचना चिकटवलेली असते आणि हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते. एका भूखंडावरच्या बांधकामात ही एकच जागा अशी आहे जिथे कायदा शेजाऱ्याचे म्हणणे स्वतःहून मागतो, आणि ती सूचना पावसाने भिजून किंवा पत्र्याच्या कुंपणामागे झाकली जाऊन कोणाला दिसतच नाही. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचे संरक्षण आहे. जुन्या बंगल्यांच्या आवारातील आंबा, वड, चिंच त्या वयाची असू शकते. तिथे लहानपण घालवलेल्या कोणा ज्येष्ठाकडचे जुने छायाचित्र वय ठरवायला उपयोगी पडते.

हे सगळे हातात घेऊन विकसकाशी बोलायला बसावे, आणि बसावेच. अनेक संस्था बोलणे म्हणजे शरण जाणे समजतात. माझा अनुभव असा की पहिल्या खड्ड्यापूर्वी विकसकाला शांतता हवी असते आणि तेव्हा तो लेखी मान्य करतो अशा गोष्टी नंतर तोंडीही मान्य करत नाही. कामाच्या वेळा, रात्री दहा ते सकाळी सहा पूर्ण बंद, काँक्रीटच्या गाड्या शाळेच्या वेळेत न आणणे, मजुरांच्या गाड्या व साहित्य गल्लीत न ठेवणे, धुळीसाठी हिरवे कापड, पाण्याचे फवारे आणि जाणाऱ्या ट्रकची चाके धुण्याची सोय, दर पंधरवड्याला काचेच्या पट्ट्यांची संयुक्त पाहणी, भेग पडल्यास किती दिवसांत दुरुस्ती, आणि कुंपणाची भिंत कोण बांधणार, हे सारे दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या एका करारात यावे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत बांधकामाभोवती किमान २५ फूट, आणि ७० मीटरपेक्षा उंच इमारतीसाठी ३५ फूट उंच पत्रे सांगितले होते. तो मजकूर मसुद्याचा नमुना म्हणून उपयोगी पडेल. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दिवसा ब्रेकर चालू असताना ती पाळली जाणार नाही हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून ब्रेकरचे तास ठरवून घेणेच व्यवहार्य आहे.

एका गोष्टीबद्दल मी कठोर आहे. तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात संस्थेच्या निधीत रोख किंवा ‘देणगी’ घेऊ नये. भिंत बांधून घेणे, इमारतीला बाहेरून रंग देणे, गळती काढून घेणे हे नुकसानीशी जोडलेले असते आणि करारात लिहिता येते. पैसे घेतले की उद्या खरी भेग पडली तरी आपली तक्रार कोणी गंभीरपणे घेत नाही, आणि शहरातल्या प्रत्येक प्रामाणिक शेजाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते.

तसेच आपल्या निवेदनातील दोन मुद्दे काढून टाकावेत अशी माझी विनंती आहे. एक, ‘आमच्या सदनिकांच्या किमती कमी होतील’; याची कायद्यात दखल नाही आणि आमच्या भागात तसे घडताना मी पाहिलेले नाही. दुसरा, नव्या इमारतीतील लहान सदनिकांत ‘भाडेकरू आणि बाहेरचे लोक’ येतील. हे वाक्य वाचून मला वाईट वाटले. पानशेतच्या पुरानंतर १९६१ मध्ये हजारो पुणेकर कुटुंबे पेठांमधून उठून नव्या वसाहतींत आणि पूरग्रस्त सोसायट्यांत राहायला गेली. त्या वेळी तीही तिथल्या शेतांमध्ये बाहेरचीच होती. साठ कुटुंबांना शहराच्या मध्यात, कामाच्या आणि शाळेच्या जवळ घर मिळणे ही चांगली गोष्ट आहे, आणि ती मान्य करूनच आपण खड्ड्याच्या आधाराबद्दल बोललो तर आपले ऐकले जाईल. शिवाय आपली संस्थाही १९७० च्या दशकातील आहे असे आपण लिहिले आहे. पाच-सात वर्षांत आपल्याच सर्वसाधारण सभेपुढे पुनर्विकासाचा ठराव येईल, आपल्याला हाच तक्ता आणि हाच बारा मीटरचा रस्ता लागेल, आणि आज ज्यांना आपण विरोध करतो आहोत ते त्या वेळी आपल्या कुंपणापलीकडचे शेजारी असतील. आज आपण जो करार करून घ्याल तोच त्या वेळी ते आपल्यापुढे ठेवतील, म्हणून त्यात अशी एकही अट घालू नये जी आपण स्वतः पाळू शकणार नाही.

न्यायालयाचा विचार शेवटी करावा, पण उशिरा करू नये. न्यायाधीश पहिल्यांदा हेच विचारतात की आपल्याला केव्हा कळले आणि आपण केव्हा आलात. सात मजले झाल्यावर आलेल्या अर्जाला अंतरिम स्थगिती मिळणे फार अवघड असते, आणि मिळाली तरी तिची किंमत विकसकापेक्षा सदनिका घेतलेली कुटुंबे अधिक मोजतात. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांची परवानगी असताना एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. बांधकाम १९८० च्या दशकातले, आणि वरचे मजले पाडण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला २०१३ मध्ये. तोपर्यंत तिथे एक पिढी वाढली होती. म्हणून नकाशात खरे उल्लंघन दिसले तर जोते तपासणीच्या, म्हणजे पाया जमिनीवर आल्यावर होणाऱ्या तपासणीच्या, आधीच वकील गाठावा, आणि दिसले नाही तर ‘दबाव टाकण्यासाठी’ खटला भरू नये.

आपल्याकडे पत्रे लागले आहेत आणि पोकलेन आलेला नाही, म्हणजे बहुधा दोन ते चार आठवडे आहेत. मी आपल्या जागी असतो तर उद्या झाडांवरच्या सूचना पाहून आलो असतो, परवा महारेरावरून नकाशे उतरवून घेतले असते, आणि माहितीचा अर्ज टपालाने न पाठवता स्वतः नेऊन पोच घेतली असती. संरचना अभियंत्याला मात्र आजच दूरध्वनी केला असता, कारण चोवीस घरांची पाहणी करायला त्याला किमान चार दिवस लागतील, आणि प्रत्येक घरात कोणीतरी असावे म्हणून त्यांतले दोन दिवस शनिवार-रविवार लागतील.